ताप येईल, हे सांगायला हवे होते

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी चहाच्या टपरीवर बसलो होतो. टपरीवाल्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. "सर, हे बघा. कंपनीनेच कबूल केलंय म्हणे. रक्ताच्या गुठळ्या होतात. आम्ही तेव्हा म्हणत होतो ना?"

बातमी खरी होती. ब्रिटनमधल्या एका खटल्यात अॅस्ट्राझेनेका कंपनीने मान्य केले होते की तिच्या लसीमुळे अत्यंत क्वचित प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आणि प्लेटलेट्स कमी होण्याचा त्रास होऊ शकतो. हीच लस पुण्यात कोव्हिशील्ड या नावाने तयार झाली आणि आपल्यापैकी बहुतेकांनी घेतली. टपरीवर त्या सकाळी सात-आठ जण होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. २०२१ मध्ये मोहल्ल्यात लस घ्या म्हणून फिरणाऱ्यांत मी होतो. उत्तर देणे माझे काम होते.

मी लगेच उत्तर दिले नाही. त्या प्रश्नाआधी मला माझाच एक जुना हिशेब चुकता करायचा होता.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतो, शाळेत शिकवतो. १ एप्रिल २०२१ पासून ४५ वर्षांवरील सगळ्यांना लस खुली झाली. त्याच आठवड्यात मी पहिला डोस घेतला. रांगेत दोन तास गेले. सुई टोचली ते कळलेही नाही. नंतर अर्धा तास बाकावर बसवले. उठताना मी विचारले, "काही त्रास होईल का?" समोरून उत्तर आले, "काही होत नाही. जा आता." मागे शंभर माणसे उभी होती. त्या माणसाला दोष देत नाही, पण उत्तर चुकीचे होते.

संध्याकाळपर्यंत ठीक होतो. इशाच्या सुमारास दंड जड झाला. रात्री अकराला थंडी वाजू लागली. एप्रिलचे सोलापूर, पंखाही गरम हवा फेकत होता आणि मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होतो. अंगातले प्रत्येक हाड वेगळे दुखत होते. ताप १०२ वर गेला. घरात पॅरासिटामॉलची एकही गोळी नव्हती. औषधाची दुकाने बंद झालेली. शेवटी माझी मुलगी शेजारच्या खालांकडे गेली आणि दोन गोळ्या घेऊन आली. पहाटे घाम फुटला, ताप उतरला. दुपारी मी जेवलो. दंड तीन दिवस दुखला. बस, एवढेच. कोट्यवधी लोकांना झाले तेच मला झाले. शरीर लसीला ओळखून प्रतिकाराची तयारी करते, त्या गडबडीत ताप येतो. हे मी वाचलेले होते, तरी त्या रात्री मीही घाबरलो होतो.

दुसऱ्या दिवशी असरनंतर खाला दारात आल्या. वय साठीच्या पुढे, जुना मधुमेह. मार्चपासूनच त्यांना लस मिळू शकत होती, पण त्या टाळत होत्या.

"क्या बेटा, सुई लिए बोले तुम. कुछ हुआ क्या?"

मी म्हणालो, "नाही खाला. काहीच नाही. मुंगी चावल्यासारखं. तुम्ही पण घेऊन टाका."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "अच्छा." आणि गेल्या.

रात्रीच्या गोळ्या त्यांच्याच घरून आल्या होत्या, हे मला माहीत होते. त्या क्षणी आठवले नाही असे म्हणणार नाही. आठवले होते. तरी खोटे बोललो. हेतू चांगला होता. मला ताप आला हे गल्लीत पसरले तर एकही माणूस लस घ्यायला जाणार नाही, अशी मला भीती होती. आठवडाभराने मी पुन्हा विषय काढला तेव्हा खाला एवढेच म्हणाल्या, "मेरेकू नक्को बाबा. तुम्हारे जैसा पढ़ा-लिखा आदमी छुपाता है, मतलब कुछ तो है."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुसलमान लस का घेत नाहीत, यावर तेव्हा बरेच लिहिले गेले. बहुतेकांनी कारण धर्मात शोधले. लशीत डुकराचे जिलेटिन आहे अशी अफवा आमच्याकडेही आली होती. कोव्हिशील्डच्या घटकांत जिलेटिन नाही, हे दाखवल्यावर ती चार दिवसांत विरली. १४ एप्रिलला रमजान सुरू झाला, तेव्हा सुईने रोजा तुटतो का हा प्रश्न आला. दंडात दिलेल्या लसीने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमांनी स्पष्ट सांगितले. तोही प्रश्न मिटला. धर्माच्या शंका धर्माच्या भाषेत सुटल्या. ज्या उरल्या त्या वेगळ्याच होत्या.

पहिली होती अविश्वासाची. आणीबाणीत झालेली सक्तीची नसबंदी आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. 'लसीने मुले होणार नाहीत' ही अफवा पोलिओच्या वेळी पसरली, पुन्हा कोविडच्या वेळी पसरली, कारण तिची मुळे एका खऱ्या अनुभवात आहेत. त्यात २०२० चा एप्रिल. तबलिगी जमातीच्या निमित्ताने साऱ्या समाजावर रोग पसरवल्याचा ठपका आला. भाजी विकणाऱ्याला आधी नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असावे, असे मत नोंदवले. पण आरोपाच्या बातम्या महिनाभर चालल्या होत्या, निकालाची बातमी एक दिवस. ज्यांनी काल रोगाचे घर म्हटले, तेच आज सुई घेऊन दारात आले, तर माणूस दोन पावले मागे सरकणारच.

दुसरी शंका त्याहून साधी होती आणि ती आम्ही सुशिक्षितांनी ऐकलीच नाही. आमच्या गल्लीत बायका विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर जातात. विड्या हजाराच्या हिशेबाने मोजल्या जातात. दंड दुखला की हात चालत नाही, हात चालला नाही की मजुरी नाही. मला ताप आला तेव्हा मी झोपून राहिलो, पगार कापला गेला नाही. विडी वळणाऱ्या बाईसाठी तोच ताप म्हणजे दोन दिवसांची चूल. तिला 'काही होत नाही' असे सांगून सुई दिली आणि रात्री ती तापाने फणफणली, तर तिने पुढच्या बाईला काय सांगावे? तिने फसवणूक झाल्याचेच सांगितले. आम्ही तिलाच अफवा म्हणालो.

ईदच्या आठवडाभर आधी खालांना खोकला सुरू झाला. १४ मेला ईद झाली. आमच्याकडे त्यांच्या घरचा शीरखुर्मा आला नाही, असे पहिल्यांदाच घडले. तोवर त्यांना दवाखान्यात हलवले होते. १७ मेच्या पहाटे त्या गेल्या. जनाज्याला मोजकी माणसे होती.

त्यांनी लस घेतली असती तर त्या वाचल्या असत्या, असे मी म्हणणार नाही. एका डोसाचा आणि तेवढ्या दिवसांचा आधार किती मिळाला असता, हे अल्लाहलाच ठाऊक. पण मी खरे बोललो असतो तर त्यांना निर्णय नीट घेता आला असता. तेवढा त्यांचा हक्क होता आणि तो मी हिरावला. "हो खाला, रात्रभर थंडी वाजली, तुमच्याच गोळ्यांनी बरे वाटले, सकाळी उठून बसलो," एवढे तीन तुकडे. त्यातला शेवटचा तुकडा ऐकायला त्या दारात आल्या होत्या.

एक कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. मदिनेच्या बाजारात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यांनी विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते. ही कथा आपण मापात पाप करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी राखून ठेवली आहे. पण चांगला माल विकणाराही ओल झाकतो, कधी कधी तर माल चांगला आहे म्हणूनच झाकतो. मी तेच केले.

लसीच्या इतिहासात याच्या उलट वागलेली माणसेही आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन या ज्यू शास्त्रज्ञाने काही महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. तेव्हा लोक लसीला घाबरत होते, गोऱ्या सरकारवर तर त्यांचा विश्वासच नव्हता. त्या दिवसांत तिसऱ्या आगाखानांनी आपल्या जमातीसमोर जाहीरपणे ती लस टोचून घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी आपली जागाही दिली. आगाखान तेव्हा जेमतेम विशीचे होते. लोकांनी त्यांचे भाषण ऐकून लस घेतली असे नाही. टोचल्यानंतर हा माणूस कसा आहे, ते त्यांना डोळ्यांनी पाहता आले.

जुलै २०२१ मध्ये माझा दुसरा डोस झाला. या वेळी मी वेगळे वागलो. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन बसलो. दंड दाखवला. पहिल्या वेळी काय झाले होते ते सांगितले आणि मी खालांशी खोटे बोललो होतो हेही सांगितले. खालांचा मुलगा तिथेच होता. तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. रात्री मला किरकोळ कणकण आली. या लशीचा दुसरा डोस बहुतेकांना पहिल्यापेक्षा हलका जातो. सकाळी दोघे जण 'बुखार कितना आया?' असे विचारत घरी आले.

ऑक्टोबरात उर्दू शाळेत शिबिर लागले, तेव्हा आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि उर्दूत लिहिले: ताप येऊ शकतो. अंग दुखेल. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. पॅरासिटामॉल जवळ ठेवा, पाणी प्या. धाप लागली, छातीत दुखले, पाय सुजला किंवा डोके सतत दुखत राहिले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. एका घरातल्या दोन बायकांनी एकाच दिवशी लस घेऊ नये, म्हणजे चूल बंद पडणार नाही. उद्या सुट्टी असेल तर आज घ्या. काहींनी आम्हाला वेड्यात काढले. म्हणाले, हे वाचून कोण येईल? पहिल्या दिवशी आमच्या एका गल्लीतून अकरा बायका आल्या. त्यातल्या सहा विडी वळणाऱ्या होत्या. ताप त्यातल्या काहींना आलाच, पण या वेळी कोणी फसवले म्हणाले नाही.

त्या फळ्यावरची शेवटची लक्षणे आमच्या मनची नव्हती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच ती जाहीर केली होती. लसीनंतर वीस दिवसांपर्यंत कशाकडे लक्ष ठेवायचे ते त्यात होते. कोव्हिशील्डनंतर गुठळ्यांचे २६ संभाव्य प्रसंग आढळले, म्हणजे दहा लाख डोसांमागे ०.६१, हेही त्यात होते. तारीख पाहून मी थबकलो होतो. त्याच दिवशी आम्ही खालांना माती दिली होती.

टपरीवर मी शेवटी हेच सांगितले. हो, हा त्रास खरा आहे. अत्यंत क्वचित होतो, पण ज्याच्या घरी झाला त्याच्यासाठी तो क्वचित नसतो. तो लसीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसतो, तेव्हा तीन वर्षांनी रात्री जागून दंड चाचपण्याची गरज नाही. आणि ही गोष्ट आज उघड झालेली नाही. २०२१ मध्येच ती कागदावर होती, मोहल्ल्यात पोहोचली नव्हती. मोहल्ल्यात काय पोहोचले? नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात लस नसेल तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. रेशन बंद करण्याची धमकी गल्लीबोळात पोहोचू शकते, तर 'ताप येईल, घाबरू नका' हे दोन शब्द का पोहोचू नयेत? पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना पाहता येतील अशा ठेवाव्यात. मी लसीच्या बाजूचा आहे आणि हा निकाल मला लसीच्या बाजूचाच वाटतो.

पुढची साथ येईल तेव्हा लसही येईल. आपल्यातले शिकलेले पुन्हा दारोदार फिरतील. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ओले धान्य वर ठेवा. आपली माणसे अडाणी नाहीत. रात्री शेजारून गोळ्या कोणी नेल्या, हे त्यांना माहीत असते.

आमच्या घरी आता पॅरासिटामॉलचे एक पाकीट कायम असते. मुलगी ते संपू देत नाही. आणि खालांच्या मुलाने ऑक्टोबरच्या त्या शिबिरात लस घेतली, हे सांगायचे राहिले. रात्री त्याला ताप आला. गोळ्या आमच्या घरून गेल्या.