काडेपेटी आणि कृष्णविवर

उभी काडेपेटी पाडायला बोटाचा धक्का पुरतो. पुढचे काम तिच्या उंचीत साठलेली ऊर्जा करते. म्हणूनच छोटी पेटी आपल्याहून मोठा खोकाही लोळवते. निलंग्यातल्या कुठल्याही घरात लहानमोठ्या पेट्या ओळीने मांडून हे साखळी-यंत्र जमते. (दुपारच्या झोपेची वेळ तेवढी टाळा.)

इथे छोट्या धक्क्याने मोठा खोका पडतो; विश्वात याच्या उलटही घडते, प्रचंड घटनेचा धक्का आपल्यापर्यंत अगदी इवलासा पोचतो. 14 सप्टेंबर 2015 रोजी टिपलेल्या गुरुत्वीय लहरींमागे दोन कृष्णविवरांचा संगम होता. सुमारे तीन सूर्यांइतके वस्तुमान ऊर्जेत गेले, तरी त्या लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ वेधशाळेची 4 किलोमीटरची भुजा प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाइतकीही हलली नाही! गोंगाटातून असे संकेत वेचण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’ या खगोल-संशोधन संस्थेत संजीव धुरंधर यांनी आधीच कित्येक वर्षे काम केले होते. आता तशीच वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, औंढा नागनाथला होते आहे. केंद्राने 2023 मध्ये मंजुरी दिली. तिथे मराठवाड्याची पोरे संशोधक म्हणूनही दिसावीत, एवढा आमचा हट्ट आहे.