तिकीट बंद, तक्रार चालू

गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या विद्यापीठांनी एक काम फार तत्परतेने केलं. खिडक्या बंद केल्या. परीक्षा अर्जाची खिडकी बंद, फीची खिडकी बंद, हॉल तिकिटाची खिडकी बंद. सगळं ऑनलाइन! माझी त्याला हरकत नाही. दोन-दोन तास रांगेत उभं राहण्यात काही पुण्य लागत नव्हतं. पण मंडळी, जो खिडकी बंद करतो त्याने नेट चालू ठेवलं पाहिजे, हा साधा व्यवहार आहे. आणि नेट बंद पडलं तर निदान सांगणाऱ्याचं ऐकून तरी घेतलं पाहिजे.

इथेच सगळं अडतं.

मी मराठीची बी.ए. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची बाहेरची सभासद झाले. तिथे जुनी मासिकं वाचते, आणि एम.ए.च्या मुली प्रबंधाचं शुद्धलेखन दाखवायला येतात ते तपासून देते. (विद्यापीठाचं नाव सांगत नाही. तुमच्या गावचं घातलंत तरी बहुधा चालेल.) या वाचनालयात जुलैपासून वायफायचं दुखणं सुरू झालं. मोबाइलवर चारही रेघा भरलेल्या, आणि पान काही उघडत नाही. मुली म्हणायच्या, "बाई, रेंज फुल आहे, पण नेट नाही."

तक्रार कुठे करायची? तर संकेतस्थळावर. म्हणजे नेट नसल्याची तक्रार नेटवरून करायची! विहीर आटल्याचा अर्ज पाण्याने लिहायचा तसं. बरं, ग्रंथालयाच्या कार्यालयातून तीही केली. तिकीट क्रमांक आला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "समस्या सोडवण्यात आली आहे. तिकीट बंद." समस्या जागच्या जागी. पुन्हा तक्रार केली, पुन्हा तिकीट, पुन्हा बंद. असं तीनदा झालं.

मग मी स्वतः विभागात गेले. तिथली उत्तरं ठरलेली. मोबाइल बंद करून चालू करा. पासवर्ड परत टाका. "आजी, तुमचा फोन जुना आहे." अरे बाळा, फोन माझा जुना असेल, पण माझ्या आजूबाजूच्या चाळीस मुलींचे फोन एकदम जुने झाले का? यावर शेवटचं ब्रह्मवाक्य, "आमच्याकडून सगळं ओके आहे."

मास्तरकीची सवय वाईट. मी वही घातली. रोज किती वाजता नेट गेलं, कुणाचं गेलं, कुणाचं चाललं, सगळं तारखेनिशी. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. सकाळी लवकर येणाऱ्याचं नेट दिवसभर चालतं. अकरानंतर येणाऱ्याला मिळत नाही. चारनंतर हळूहळू मिळायला लागतं. रविवारी गर्दी नसते, तेव्हा काही तक्रार नाही. आणि विभागाचा माणूस तपासायला यायचा तो सकाळी साडेनऊला! त्याला सगळं ओके दिसणारच.

वही घेऊन वर गेले. साहेबांनी ती उघडूनही पाहिली नाही. पाहिली ती विभागातल्या एका कंत्राटी मुलाने. दोन पानं वाचली आणि म्हणाला, "मॅडम, आकडे संपतायत." मग त्याने समजावून सांगितलं. नेटवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडा मिळतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. तो ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिल्यासारखा असतो. आमच्या वाचनालयासाठी असे आकडे होते २५४, आणि मुदत होती आठ तास. खुर्च्या १८०, पण प्रत्येकाकडे मोबाइल आणि लॅपटॉप अशी दोन-दोन यंत्रं. सकाळी येऊन तासाभरात निघून गेलेल्याचा आकडाही दुपारपर्यंत अडकून राहायचा. रेघा दिसतात त्या भिंतीवरच्या डब्यापर्यंतच्या. पुढे जायला आकडा नसेल तर रेघा असून उपयोग काय?

उपाय? मुदत एक तासाची करायची, आकडे वाढवायचे. तो म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्याला साहेबांची परवानगी हवी, परवानगीला लेखी प्रस्ताव हवा, आणि प्रस्ताव टेबलावर पडला तो २३ दिवस. त्यानंतर खरोखरच अर्ध्या तासात काम झालं.

आता माझं म्हणणं ऐका. या विभागात माणसं वाईट नाहीत. मोजमाप वाईट आहे. किती तिकिटं बंद झाली एवढंच तिथे मोजतात, किती जणांचं नेट चालू झालं हे मोजत नाहीत. मी वर्गात मुलाने हात वर केल्याबरोबर वहीत 'शंकानिरसन झाले' लिहून त्याला खाली बसवलं असतं, तर माझाही अहवाल शंभर टक्के आला असता. मूल मात्र ढ राहिलं असतं.

कुणी म्हणेल, चार दिवस नेट नसलं तर काय बिघडलं? मोबाइलचा डेटा आहे की! बिघडतं. आमचं वाचनालय तळघरात आहे, तिथे मोबाइलला रेंज नाही. शिवाय विद्यापीठाने घेतलेली संशोधनपत्रिका आमच्याकडे विद्यापीठाच्याच जाळ्यातून उघडते. हिशेब पाहा. देशभरच्या विद्यापीठांना वेगवान जाळ्याने जोडण्यासाठी 'राष्ट्रीय ज्ञान जाळे' मार्च २०१० मध्ये मंजूर झालं, ५,९९० कोटींचं. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीन वर्षांना ६,००० कोटी, सुमारे १३,००० संशोधनपत्रिका. उत्तमच योजना! पण एवढी गंगा दारापर्यंत आणायची आणि शेवटचा नळ कुणी उघडायचा नाही, असं चाललंय.

आणि एक वसतिगृहातली मुलगी. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, दुपारी बारा ते चार ती वायफायची वाट पाहत बसली. पाच वाजता नेट आलं तेव्हा सगळ्यांचीच झुंबड, पान हलेना. मुदत गेली. बाप शेतमजूर आहे तिचा. अर्ज न भरल्याचा ठपका तिच्यावर. तिकीट मात्र त्या दिवशीही 'बंद' होतं.

विभागात माणसं कमी आहेत, कंत्राटी आहेत, पगार तुटपुंजे आहेत, हे मला मान्य आहे. वही वाचणारा तो मुलगाही अकरा महिन्यांच्या करारावर आहे. पण माणसं कमी ठेवायची हे ठरवलं कुणी? नव्या संगणक कक्षाची फीत कापायला पैसे निघतात, मग तो सांभाळणाऱ्याच्या पगाराला का निघू नयेत?

मागण्या मोठ्या नाहीत. एक, प्रत्येक वाचनालयात आणि वसतिगृहात कागदी तक्रारवही आणि उचलला जाणारा फोन. दोन, तक्रार करणारा 'झालं' म्हणेपर्यंत तिकीट बंद करायचं नाही. तीन, विद्यापीठाचं नेट बंद होतं त्या दिवशी विद्यापीठाच्या सगळ्या मुदती आपोआप पुढे, आणि बाहेरच्या अर्जासाठी मुलाच्या हातात तसं लेखी प्रमाणपत्र. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला. ठरल्या मुदतीत दाखला दिला नाही तर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. दाखल्याला मुदत लागू होते, मग नेटच्या दुरुस्तीला का नको?

हे होईपर्यंत मुलांनो, एक करा. वही घाला. तारीख, वेळ, जागा, किती जणांचं बंद, सगळं लिहा आणि खाली दहा जणांच्या सह्या घ्या. "आमच्याकडून ओके आहे" म्हणणाऱ्यापुढे ती वही उघडून ठेवा, आणि ती वाचून होईपर्यंत तिथून हलू नका.