यांकीजला तिसऱ्या बेससाठी बाहेरून खेळाडू का आणावा लागला?

१२ मे २०२५. सिएटलमध्ये रन काढताना ओस्वाल्डो काब्रेराचा घोटा मोडला आणि न्यूयॉर्क यांकीजचा तिसरा बेस रिकामा झाला.

अशाच वेळेसाठी तर मायनर लीग असते ना? ट्रिपल-ए, डबल-ए अशा पायऱ्यांवर टीमचे तरुण खेळाडू घडतात आणि गरज पडली की त्यांना वर बोलावलं जातं. पण यांकीजचा सगळ्यात चर्चेतला तरुण जॉर्ज लोंबार्ड ज्युनियर नुकताच डबल-एमध्ये पोचला होता. ओस्वाल्ड पेराझाला संधी मिळाली, पण त्याची बॅट चाललीच नाही. शेवटी जुलैत कोलोराडोकडून रायन मॅकमहॉनला आणलं. बदल्यात दोन तरुण पिचर गेले.

बोस्टनचं बघा. २३ मेला अ‍ॅलेक्स ब्रेगमन जखमी झाला आणि दुसऱ्याच दिवशी ट्रिपल-एमधला मार्सेलो मायर तिसऱ्या बेसवर उभा होता. गंमत म्हणजे मायर मुळात शॉर्टस्टॉप. लोंबार्डही तोच! त्यामुळे एखाद्या टीमकडे तिसऱ्या बेससाठी किती खेळाडू तयार आहेत हे बघायचं असेल, तर शॉर्टस्टॉपची यादी आधी उघडा. चांगला शॉर्टस्टॉप तिसऱ्या बेसवर सरकू शकतो. उलटं क्वचितच जमतं.

मॅकमहॉनचा करार २०२७ पर्यंतचा. दोन पिचर देऊन यांकीजने खरं तर लोंबार्डसाठी तेवढा वेळ विकत घेतला.