सोबत्याची पाखर



मागील पालक सभेत एका आईंनी तक्रार केली, "सर, मुलगा दोन तास गेम खेळला, पण एकदाही लढला नाही. सोबतच्या योद्ध्याला नुसते कपडे घालत बसला होता!" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. नंतर मात्र त्या विद्यार्थ्याला बोलावून सारे समजून घेतले.

'स्कायरिम' (२०११) सारख्या खेळात आपल्याबरोबर एक सोबती चालतो. आपण देऊ ते चिलखत, शिरस्त्राण तो घालतो. या मुलाने सर्वांत मजबूत चिलखत स्वतः न घालता सोबतिणीला दिले होते. का? "सर, ती पुढे होऊन लढते. मेली तर परत येत नाही."

हे उत्तर आम्हाला आवडले. लढाईत घोड्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर जे चिलखत घालत, त्याला आपल्याकडे 'पाखर' म्हणतात. होळकरांच्या इंदुरात घोडदळाचे मोल वेगळे सांगायला नको. आणि 'मायेची पाखर' म्हणताना आपण हाच शब्द वापरतो. सोबत्याला सजवण्यामागे त्याला जपण्याची इच्छा असेल, तर त्या खेळावर आमचा राग नाही.

पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली पैशांची. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळात घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला वेगळे विकले गेले. उपयोग थोडा, दिखावा जास्त. तेव्हा खेळणाऱ्यांनी त्याची थट्टा केली. आज मोबाईलवरच्या कितीतरी खेळांत नुसते रूप बदलायचे पैसे पडतात आणि कुणी हसत नाही. आई-बाबांना विचारल्याशिवाय असा एक रुपयाही खर्च करू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'ड्रॅगन एज' मालिकेच्या पहिल्या खेळात (२००९) सोबत्यांना हवे ते चिलखत घालता येई. दुसऱ्या भागात (२०११) प्रत्येक सोबत्याचा पोशाख त्याचा स्वतःचा ठेवला गेला. पुष्कळ खेळाडू नाराज झाले. आम्हाला मात्र त्यात तथ्य दिसते. सोबती म्हणजे बाहुली नव्हे, त्यालाही स्वतःची आवड असते.

हे लिहिताना आमचीच एक चूक आठवते. एका स्नेहसंमेलनात ऐतिहासिक नाटक होते. एका विद्यार्थिनीला मावळा व्हायचे होते. "चिलखत मुलींना शोभत नाही," असे म्हणून आम्ही तिच्या हाती आरतीचे तबक दिले. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तालमीला आली नाही. जी अहिल्याबाईंची जयंती दरवर्षी साजरी करते, त्या शाळेत हे घडले! तिला काय हवे ते आम्ही विचारलेच नव्हते.

यंदा संमेलनाचे पोशाख वाटण्यापूर्वी प्रत्येकाची इच्छा विचारली जाईल. पुठ्ठ्याची चिलखते मुलींच्याही मापाची करून घ्यावीत, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे.

आणि मित्रांनो, खेळातला सोबती तुम्ही द्याल ते मुकाट्याने घालतो. बाकावर शेजारी बसणारा तसा नाही. त्याच्यावर पाखर जरूर घाला, पण आधी त्याला विचारा.