काचेपलीकडचा समुद्र

श्रावण शुद्ध षष्ठीला वास्कोत श्री दामोदराच्या भजनी सप्ताहास आरंभ होतो. सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी साथीच्या रोगाने गाव हवालदिल झाले असता जांबावलीच्या दामोदराचे श्रीफळ येथे आणले गेले व त्यातून ही परंपरा सुरू झाली, असे येथील वडीलधारी मंडळी सांगतात. २०२४ च्या श्रावणात रस्त्यावर भजनाचे स्वर घुमत असताना आमच्या शेजारच्या घरी एक निराळीच साथ ऐन भरात आली होती. रोगी तीन होते आणि तिघेही मासे होते.

प्रसंग तसा चमत्कारिकच. श्रावणामुळे त्या घरी मासळी वर्ज्य. खारेवाड्याच्या जेटीकडची वाट महिनाभर बंद. आणि तेच घर दिवाणखान्यातील माशांसाठी अन्नपाणी गोड न लागण्याइतके व्याकूळ झालेले! घरातील मुलगा आमच्या शाळेत दहावीला होता. त्याने खाऱ्या पाण्याची एकशेऐंशी लिटरची टाकी दोन वर्षे मोठ्या निगुतीने सांभाळली होती. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन जोकर मासे होते. तिसरा, निळा सर्जन मासा, मामाने नुकताच मुंबईहून आणून दिला आणि तो आल्या दिवशीच थेट टाकीत सोडण्यात आला.

आषाढ सरता सरता या निळ्या माशाच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. मुलगा धावत आमच्याकडे आला. मुख्याध्यापकाला सर्व विषयांतले कळते, हा समज मुलांचा असतो. खेदाची गोष्ट ही, की तो कधी कधी मुख्याध्यापकांचाही असतो. "पाणी बदल. समुद्र तर हाकेच्या अंतरावर आहे," असे आम्ही सांगून टाकले. बायण्याहून दोन कॅन पाणी आणविले. चौथ्या दिवशी ठिपके नाहीसे झाले आणि आम्ही मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

आठवड्याने ठिपके परतले, ते तिन्ही माशांवर, आणि पूर्वीपेक्षा कितीतरी दाट. एक जोकर मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागला.

आमच्या पहिल्या चुकीचा उलगडा मुलानेच केला. समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारणतः हजारी पस्तीस असते. पावसाळ्यात जुवारीच्या मुखाशी डोंगरदऱ्यांतले गढूळ पाणी मिसळून ती पुष्कळ खाली येते. हायड्रोमीटर बुडवून न पाहता ते पाणी आम्ही टाकीत ओतविले आणि आधीच रोगट असलेल्या माशांवर एकाएकी बदललेल्या क्षारतेचा ताण घातला. (टाकीतले पाणी आटले तर भर गोड्या पाण्याचीच घालावी लागते, कारण वाफ पाण्याची होते, मिठाची नव्हे. हेही आम्हांस त्या दिवशीच कळले!)

मग मात्र आम्ही सल्ला देणे थांबवून निदानाकडे वळलो. धाप लागली की रोगच, असे नव्हे. टाकीत अमोनिया किंवा नायट्राइट वाढले तरी मासे असेच धापा टाकतात, म्हणून प्रथम पाणी तपासले. ते निर्दोष निघाले. दुसरी शंका मखमली रोगाची. त्यात ठिपके सुटे दिसत नाहीत. अंगावर सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखी झाक येते, मासा उजेड टाळतो आणि एकदोन दिवसांत दगावतो. तिसरा रोग खास जोकर माशांचा: अंगावर पांढरट बुळबुळीत थर चढतो. तिन्हींवरचे उपचार वेगळे, म्हणून नाव निश्चित होईपर्यंत औषधाची बाटली उघडावयाची नाही असे ठरले.

दुसऱ्या दिवशी पहाटे धापणारा जोकर मासा गेला. मुलगा डोळे पुसत त्याला वाटीत घालून शाळेत घेऊन आला. आमच्या विज्ञानशिक्षकांनी कल्ल्याचा बारीक तुकडा काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शक मुलाच्या हाती दिला. केसाळ कडेचा एक गोल जीव स्वतःभोवती संथ गरगरत होता. मखमली रोगाचा जीव कल्ल्याला चिकटून असतो, असा फिरत नाही. रोगाचे नाव निश्चित झाले: क्रिप्टोकॅरिऑन, समुद्री पांढरे ठिपके.

ठिपके गेले तेव्हा रोग गेला, ही आमची समजूत किती पोकळ होती हे या जीवाच्या जीवनक्रमावरून उमगते. माशाच्या कातडीत तो तीन ते सात दिवस पोसतो, मग आपण होऊन गळून पडतो. तळाशी वाळूत किंवा दगडावर कवच करून बसतो, आत विभागत जातो आणि त्या एकातून शेकडो पिले बाहेर पडतात. बहुतेक कवचे चार आठवड्यांच्या आत फुटतात. काही दहा आठवड्यांहून अधिक काळ तग धरतात. बाहेर पडलेल्या पिलाला मात्र एकदोन दिवसांत मासा सापडावाच लागतो. म्हणजे आम्ही ज्या दिवसांत निश्चिंत होतो, त्याच दिवसांत रोग तळाशी वाढत होता.

यावरून उपाय दुहेरी ठरतो. उरलेले मासे बाहेर काढावयाचे आणि टाकी माशांवाचून ओस ठेवावयाची. तांब्याचे औषध गुणकारी खरे, पण मात्रा किंचित चुकली तर मासाच दगावतो. शिवाय मूळ टाकीत ते घातले तर शंखगोगलगायी व कोळंब्या मरतात, दगडवाळूही तांबे शोषून घेते. आमच्याकडे ते अचूक मोजण्याचे साधन नव्हते, म्हणून दुसरा मार्ग धरला. समुद्री माशाच्या अंगातील द्रवाचा खारटपणा समुद्राच्या सुमारे एक-तृतीयांश असतो, म्हणून तो सतत पाणी पीत असतो आणि जादा मीठ बाहेर टाकीत असतो. पाणी हजारी पंधरापर्यंत उतरविले तर त्याला ते सोसते, परजीवीला सोसत नाही. निम्मेशिम्मे उतरविलेले पाणी, जसे आमचे बायण्याचे, कोणाच्याच कामाचे नाही.

१४ ऑगस्टला दोन मासे व्हरांड्यातील साध्या टाकीत गेले. वाळू नाही, दगड नाही. लपावयास नळाच्या पाइपाचे तुकडे तेवढे. क्षारता दोन दिवसांत उतरविली आणि शेवटचा ठिपका गेल्यावर पुढे चार आठवडे तशीच राखली. पुन्हा वर नेताना तर आठवडाभर घालविला, कारण चढ उतारापेक्षा कठीण. तेथे मुरलेली गाळणी नसल्याने अमोनिया रोज मोजून पाणी बदलावे लागे. दहावीच्या अभ्यासातून मुलगा एवढा वेळ काढतो, याबद्दल त्याच्या वडिलांनी आमच्याकडे दोनदा तक्रार केली. आम्ही ती ऐकून घेतली आणि काही केले नाही. इकडे दिवाणखान्यातील ओस टाकीत गाळणीतले उपकारक जिवाणू उपाशी मरू नयेत म्हणून आजी रोज चिमूटभर खाद्य टाकीत. रिकाम्या घराला नैवेद्य, असे त्या हसून म्हणत.

शहात्तर दिवस मोजले. शहात्तरावा दिवस २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. संध्याकाळी मासे परत सोडले. निळा मासा क्षणभर काचेशी थबकला आणि आपल्या जुन्या दगडामागे शिरला. जोकर मासा बराच वेळ एकटाच फिरत राहिला.

इंदूर-बडोद्याकडील वाचकांना आता बाजारचे मीठ कालवून घरी समुद्र करता येतो, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले. व्हरांड्यातील टाकी शेजाऱ्यांनी मोडली नाही. सध्या तीत एक नवा जोकर मासा आहे. त्याचा आज एकविसावा दिवस. आजी भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारतात आणि तिसावी फुली पडेपर्यंत जाळीसुद्धा आतल्या टाकीला लावू देत नाहीत.