अंड्यांचे ट्रे आणि गिटार

माझा भाचा गिटार वाजवतो. हा त्याचा दोष नाही. ती दाजींनी घेऊन दिली. पण सुट्टीत येडशीला येऊन त्याने आमच्या नव्या स्लॅबच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि माइक थेट गिटारच्या भोकाला लावला, तेव्हा मला तोंड उघडणं भाग पडलं. (अंड्याचं नावही न काढू देणारी माझी आई दोन दिवस त्या खोलीत पाय टाकेना.)

रेकॉर्डिंग ऐकलं. गिटार रांजणात पडून ओरडत होती! भोकाशी पेटीतली हवा घुमते, सेकंदाला साधारण १०० कंपनांच्या आसपास. त्यात तसला एका बाजूचं ऐकणारा माइक फार जवळ नेला की खर्ज आणखी फुगतो. फूटभर मागे सरका, दांडा पेटीला मिळतो तिकडे माइकचं तोंड करा, तारा बोलायला लागतात. आणि ट्रे? कागदाच्या लगद्याचा पातळ पुठ्ठा. वरचे स्वर थोडे शोषतो, खर्जाला शिवतही नाही. बाहेरचा आवाज तर मुळीच अडवत नाही. शेजारच्या पत्र्यावरून माकडं गेली, ती गिटारपेक्षा स्वच्छ आली.

"मामा, खोलीचा आवाज येऊ द्यायचा नसतो."

कुणी सांगितलं? अमेरिकेतल्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६ साली सॅन अँटोनियोच्या हॉटेलात गाणी मुद्रित केली, ती कोपऱ्याकडे तोंड करून म्हणे. लाजून, की भिंतीवरून परतणारा आवाज आवडला म्हणून, हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या शाळेत कोपऱ्याकडे तोंड ही शिक्षा होती. आमची कुणी रेकॉर्ड काढली नाही.

शेवटी त्याला मागच्या माळवदाच्या खोलीत ओढत नेलं. लाकडी तुळया, वर हातभर माती, ओबडधोबड भिंती, कोपऱ्यात ज्वारीची पोती. स्लॅबखाली टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंती ती चेंडूसारखी झेलत बसतात. इथे टाळी वाजते आणि गप बसते. एक माइक फूटभरावर ठेवला, दुसरा दारात. दारातल्या माइकवर गिटारमागून सुपाची सळसळ आली. ओसरीवर आई ज्वारी पाखडत होती.

"आजीला थांबायला सांगा ना."

नाही सांगितलं. दिवाळीनंतर माळवद पाडायचं ठरलंय. थोरल्या भावाने काढलेला सिमेंटचा हिशेब मीच टॅली करून दिलाय. फोटो काढून ठेवा, म्हणतात सगळे. फोटोत खोली ऐकू येते का?

भाच्याला म्हटलं, पुन्हा वाजव. आणि या खेपेला जरा हळू, सूप बुडतंय.