विश्लेषण : वीस डॉलरचा गेम, सत्तर डॉलरची मोजपट्टी, स्वस्त ‘इंडी’ गेम्सचे परीक्षण करायचे कसे?

४ सप्टेंबर २०२५ रोजी ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम विक्रीस आला आणि काही मिनिटांत स्टीम, निन्टेंडो, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशी सगळीच ऑनलाइन दुकाने कोलमडली. पैसे हातात घेऊन लोक उभे, पण दुकानाचे दार उघडेना. हा गेम कुठल्या बड्या कंपनीचा नव्हता. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडच्या ‘टीम चेरी’ या जेमतेम तीन-चार जणांच्या चमूने तो सात वर्षे खपून तयार केला होता. किंमत २० डॉलर, म्हणजे साधारण पावणेदोन हजार रुपये. त्याच वर्षी निन्टेंडोने ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ची किंमत ८० डॉलर ठेवली होती.

या गर्दीत एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे परीक्षणे. विक्री सुरू झाली त्या क्षणी जगातल्या एकाही समीक्षकाने गेम संपवलेला नव्हता.

समीक्षकांना आधी प्रत का मिळाली नाही?

एरवी गेम बाजारात येण्याच्या एक-दोन आठवडे आधी समीक्षकांना मोफत ‘रिव्ह्यू कोड’ दिला जातो. विक्रीच्या दिवशी वाचकाच्या हाती परीक्षण पडावे, हा हेतू. टीम चेरीने हे टाळले. ज्या चाहत्यांनी २०१७ च्या पहिल्या गेमसाठी वर्गणी दिली आणि नंतर इतकी वर्षे वाट पाहिली, त्यांच्याआधी पत्रकारांनी खेळावे हे न्याय्य नाही, अशी त्यांची भूमिका होती. भावना समजण्यासारखी आहे. पण खरेदीदाराच्या बाजूने पाहिले तर त्याला न्याय मिळाला का, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या काही दिवसांत तो प्रश्न प्रत्यक्ष दिसलाही. चीनमधल्या खेळाडूंनी स्टीमवर नापसंतीचा पाऊस पाडला. कारण खेळ नव्हे, भाषांतर. सरलीकृत चिनीतले संवाद इतके जुनाट आणि बोजड होते की अर्थच लागेना. दुसरीकडे, सुरुवातीचे शत्रू फारच कठीण आहेत अशी ओरड झाली आणि पहिल्याच दुरुस्तीत त्यातले काही थोडे सौम्य करण्यात आले. परीक्षण आधी आले असते तर चिनी वाचकाला पहिली गोष्ट कळली असती का? इंग्रजी समीक्षक चिनी संवाद वाचत नाहीत, त्यामुळे बहुधा नसती. परीक्षण कोणत्या भाषेत आणि कोणासाठी लिहिले जाते, हा मुद्दा इथे मूल्यांकनाच्या आकड्याहून मोठा ठरतो.

इतर छोट्या गेम्सना हे परवडेल?

नाही. सिल्कसाँगला प्रसिद्धीची गरजच नव्हती. उलट त्याची तारीख ऑगस्टमध्ये जाहीर होताच ‘डेमनस्कूल’सह अनेक छोट्या गेम्सनी आपले प्रकाशन पुढे ढकलले. हत्ती येतोय म्हटल्यावर गल्ली रिकामी करावीच लागते.

२०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक गेम आले. म्हणजे दिवसाला जवळपास पन्नास. बड्या गेमला जाहिरात असते, टीव्हीवर असते, बसथांब्यावर असते. वीस डॉलरच्या गेमची जाहिरात म्हणजे कोणीतरी त्याबद्दल लिहिलेले चार शब्द. त्यामुळे बड्या गेमचे परीक्षण ‘घ्यावा की नाही’ हे सांगते, तर छोट्या गेमचे परीक्षण मुळात ‘असा एक गेम आहे’ हे सांगते. ही दोन वेगळी कामे आहेत.

आणि हे दुसरे काम करणारी माणसेच कमी होत आहेत. मे २०२५ मध्ये ‘पॉलिगॉन’ हे नावाजलेले संकेतस्थळ विकले गेले आणि तिथल्या अनेकांची नोकरी गेली. मग उरतात ते खरेदीदारांचे अभिप्राय. स्टीमवर किमान दहा अभिप्राय जमल्याशिवाय गेमच्या नावापुढे ‘सकारात्मक’ वगैरे शिक्का बसत नाही, आणि फुकट वाटलेल्या प्रतींवरचे अभिप्राय त्या गुणांत धरले जात नाहीत. हा नियम योग्यच आहे, पण एकट्याने गेम बनवणाऱ्याला ते पहिले दहा अनोळखी गिऱ्हाईक मिळवताना घाम फुटतो.

तासाला किती रुपये?

स्वस्त गेमच्या परीक्षणात हमखास येणारे वाक्य म्हणजे ‘गेम चांगला आहे, पण तीन तासांत संपतो’. पैशाला तासांनी भागायचे आणि भागाकार जास्त आला की गेम महाग ठरवायचा. भाजीच्या बाजारात हा हिशेब ठीक, इथे तो फसवा आहे. ‘अ शॉर्ट हाइक’ हा आठ डॉलरचा गेम पाहा. एक छोटा पक्षी डोंगर चढतो, एवढीच गोष्ट. दोनेक तासांत आटोपतो. २०२० मध्ये इंडी गेम्सच्या जगातला सर्वांत मानाचा, ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’चा मुख्य पुरस्कार त्यालाच मिळाला. तो वीस तासांचा असता तर नक्कीच वाईट असता.

या हिशेबाची किंमत कधी कधी माणसाला मोजावी लागते. स्टीमवर दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करून पैसे मिळतात. ‘समर ऑफ ५८’ या छोट्या भयकथेच्या निर्मात्याने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले की, लोक गेम पूर्ण संपवतात, चांगला अभिप्रायही देतात आणि मग पैसे परत मागतात, त्यामुळे आपण हे काम थांबवत आहोत.

कन्सोलवर वेगळे काय?

कन्सोलवर पारडे उलट झुकते. प्लेस्टेशनच्या दुकानात डाउनलोड सुरू केले की परताव्याचा हक्क जवळपास संपतो. निन्टेंडोकडे झालेली खरेदी साधारणपणे अंतिमच. प्लेस्टेशनवर तारे दिसतात, पण ते का दिले याचे शब्द नाहीत. निन्टेंडोच्या दुकानात तर तेही नाहीत. म्हणून कन्सोलवर खेळणाऱ्याला परीक्षणाची गरज जास्त, आणि ते नेमके त्याच्याच यंत्रावर झालेले असणेही महत्त्वाचे. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ची आधीची परीक्षणे संगणकावरच्या प्रतीवर लिहिली गेली. जुन्या कन्सोलवर तो इतका मोडका निघाला की सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला. ती कंपनी मोठी होती, सावरली. छोट्या गेमचे स्विचवरचे रूप अडखळत असेल तर ते सांगायलाही सहसा कोणी नसते.

पुण्याच्या ‘राजी’ला काय अनुभव आला?

हा प्रश्न आपल्याकडचाही आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, सहसंस्थापक श्रुती घोष यांनी राहते घर विकले, तरी काम थांबले नाही. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो आधी निन्टेंडो स्विचवर आला. गंमत अशी की निन्टेंडो भारतात स्विच अधिकृतपणे विकतच नाही. पुण्यात घडलेला गेम पुण्यातल्या बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि संगणकावर आला तेव्हाच खेळता आला.

परीक्षणांत राजस्थानी वास्तुशैलीची आणि चित्रशैलीची भरभरून स्तुती झाली. लढाईतला ओबडधोबडपणा, थोडक्यात आटोपणारी लांबी आणि अचानक येणारा शेवट यांवर टीकाही झाली. ती टीका बरोबरच होती, आणि भारतीय गेम म्हणून कौतुकाचे गुण वाढवून द्यावेत असेही कोणी म्हणू नये. मात्र भावाला सोडवायला निघालेल्या मुलीच्या या गोष्टीत दुर्गा आणि विष्णू निवेदक आहेत. बाहेरच्या बहुतेक समीक्षकांना ते नव्या पुराणकथांची ओळख वाटले, तर आपल्याकडच्या वाचकाला हवे होते वेगळेच काही : ओळखीची कथा इथे नीट सांगितली आहे का? त्याचे उत्तर देणारे परीक्षण मराठी वृत्तपत्रांत शोधून सापडणे अवघड होते. दर शुक्रवारच्या चित्रपटाला तिथे हक्काची जागा असते, गेमला नसते. पुढे ‘राजी’च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले. पहिल्या आठवड्यांतली परीक्षणे अर्थातच इंग्रजी आवाज ऐकून लिहिलेली आहेत, आणि नाव शोधले की आजही बहुतेक तीच समोर येतात.